अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा या

लोकांच्या दंडाला पट्टा आवळून शीर शोधणं हे माझं काम. अमरावतीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अकरा वर्षांपासून टेक्निशियन आहे. सकाळी साडेसातपासून उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागते, आणि चहा न घेता घराबाहेर पडलेला वऱ्हाडी माणूस फार वेळ गोड बोलू शकत नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. सुई पाहून पांढरे पडणारे पैलवान, "या हाताची नस सापडत नाही, त्या हाताची घे" असं मलाच शिकवणाऱ्या आजीबाई, नळी उजेडात धरून "इतकं काढलं?" विचारणारे काका, सगळे माझ्या सवयीचे. गरोदरपणाची रक्ततपासणी, ज्याला बीटा एचसीजी म्हणतात, तीही रोजची. मशीनमधून आकडा येई, आम्ही तो छापून पाकिटात घालत असू. पुढचं ती बाई आणि तिची डॉक्टर बघून घेत. त्या आकड्याच्या पलीकडे काय असतं, हा माझा विषय नव्हता.

एका मे महिन्यात तो झाला.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा एका कॉलेजात ग्रंथपाल. सकाळी मी चाचणीची पट्टी घेऊन न्हाणीघरातून बाहेर आले, तेव्हा तो कूलरमध्ये पाणी भरत होता. पट्टीवर दोन रेघा होत्या, दुसरी जरा फिकी. त्याने बादली खाली ठेवली, हात पुसले आणि पट्टीकडे न बघता आधी डब्यातला माहितीचा कागद उघडून वाचला. दोन्ही बाजूंनी. मग म्हणाला, "याच्यात लिवलं हाय, फिकी असली तरी चालते." हा त्याचा आनंद. ग्रंथपालाशी लग्न केलं की इतकं चालवून घ्यावं लागतं.

त्याने लगेच अकोल्याला आईला फोन लावला. माझ्या सासूबाई अकोल्यात एकट्या राहतात. अंगणवाडी सेविका म्हणून त्यांनी तीस वर्षं नोकरी केली, आधी मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात, नंतर अकोल्यात. गरोदर बायकांची नोंद करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न होता, "शेवटची पाळी कवाची? तारीख सांग." तारीख मला धड सांगता येईना, कारण माझी पाळी पहिल्यापासूनच मनमौजी. त्या नाराज झाल्या. सुनेला दिवस गेले याचा आनंद होता, पण तारखेचा रकाना रिकामा राहिला याचं दुःखही तितकंच होतं. शनिवारी आम्ही अकोल्याला जायचं असं ठरलं.

शनिवारच्या आधी गुरुवार आला. सकाळी कपड्यावर तपकिरी डाग दिसला, अगदी थोडा. डाव्या कुशीत चमकही निघत होती, भराभर जिना चढल्यावर निघते तशी. मी उन्हावर ढकललं. मे महिन्यात अमरावतीत काहीही दुखलं तरी ते उन्हावर ढकलता येतं. पण लॅबमध्ये आमचे एक सीनियर आहेत, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. पन्नाशी ओलांडलेले, दोन मुलींचे बाप. मी नळ्यांना चिठ्ठ्या लावताना दोनदा कुशीला हात नेला, तेवढ्यावरून त्यांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं.

"मॅडमले दाखवून ये," ते म्हणाले.

"जेवणाच्या सुट्टीत जातो."

"जेवण पयत नाई कोठी. आत्ता जा."

लॅबपासून दोन गल्ल्या सोडून बायकांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्यांचे रिपोर्ट आमच्याकडूनच जातात, म्हणून त्या मला ओळखत होत्या. त्यांनी प्रश्न विचारले, पोट तपासलं आणि सोनोग्राफीच्या खोलीत नेलं. आधी पोटावरून, मग आतून. खोलीत एसी होता. आठ दिवसांत पहिल्यांदा मला खरा गारवा मिळत होता आणि मी मनातल्या मनात खूश होते. डॉक्टरीणबाई मात्र पडद्याजवळ वाकल्या. पडदा माझ्याकडे नव्हता, पण त्यांचा चेहरा होता. त्या काहीतरी शोधत होत्या. इकडे बघत, तिकडे बघत, परत पहिल्या जागी येत.

"पिशवीचं अस्तर चांगलं जाड आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण पिशवीत अजून काही दिसत नाही."

"आणि बाहेर?"

"बाहेरही दिसत नाही. पोटात रक्त वगैरे नाही, हे चांगलं आहे."

"मग माझी टेस्ट चुकली असेल."

"टेस्ट चुकलेली नाही. तुम्हाला दिवस गेलेत. फक्त गर्भ कुठे आहे, ते मला आज सांगता येत नाही."

मी उठून बसले. इतकी वर्षं मी लोकांना "पॉझिटिव्ह" आणि "निगेटिव्ह" असे दोनच शब्द हातात देत आले होते. "आहे, पण कुठे ते माहीत नाही" असा रिपोर्ट मी कधी छापला नव्हता.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. कदाचित दिवस कमी भरले असतील, गर्भ पिशवीतच असेल आणि दिसण्याइतका मोठा झाला नसेल. कदाचित तो धरला गेला, पण टिकत नसेल आणि आपोआप निघून जाईल. किंवा तो पिशवीपर्यंत पोचलाच नसेल आणि नळीत रुजला असेल. बहुतेक जणींचं पहिल्या दोनांपैकी एक निघतं, थोड्या जणींचं तिसरं.

"माझं कोणतं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"वाटण्यावर मी काही सांगत नाही. आज रक्त द्या, आणि अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा द्या. एका आकड्यातून काही कळत नाही, तो कसा चढतो त्यातून कळतं. गर्भ जागेवर असेल तर साधारण दोन दिवसांत भराभर वाढतो. खाली आला तर टिकत नाहीये. आणि रेंगाळत वाढला तर मला नळीचा संशय येईल."

मग त्यांनी नळी फुटून पोटात रक्त साचण्याच्या खुणा बोटांवर मोजून सांगितल्या. एकदम जोरात पोट दुखलं, चक्कर आली, घाम फुटला किंवा खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं, तर वाट न बघता दवाखान्यात यायचं. एकटं राहायचं नाही. लॅबमध्ये हलकं काम करायला हरकत नाही, कारण तिथे माणसं आहेत. आणि गाव सोडायचं नाही.

"शनिवारी अकोल्याला जायचं होतं."

"अकोला कुठे पळून जात नाही," त्या म्हणाल्या.

रक्त द्यायला मी माझ्याच लॅबमध्ये आले. भाऊंनी काढलं. आमच्याकडे एक नियम आहे, स्वतःचं किंवा घरच्यांचं सॅम्पल स्वतः मशीनवर लावायचं नाही. हा नियम मी नव्या मुलींना दरवर्षी मोठ्या तोंडाने सांगते. त्या दिवशी मशीनपासून चार हातांवर बसून मी लोकांच्या लघवीच्या बाटल्या लावत होते आणि मानेला कळ लागेपर्यंत तिकडे बघत होते. भाऊंनी आकडा सांगितला. सहाशे चाळीस.

"चांगला हाय का?" मी विचारलं.

"तूच सांग. तू बी टेक्निशियन हायेस."

सांगता येत नव्हतं. सहाशे चाळीस हा आकडा नुसता सहाशे चाळीस होता.

संध्याकाळी सासूबाईंना फोन केला. त्यांना तारीख सांगता आली नव्हती, आता जागाही सांगता येत नव्हती.

"म्हंजे दिवस गेले, आन कोठी गेले ते डॉक्टरले दिसून नाई राहिलं?"

"हो आई."

"मंग मशीन बदलवा म्हणा."

"मशीन चांगली हाय. बारीक असंन म्हणून दिसत नसंन, असं म्हणल्या. नाईतर नळीत बी असू शकते."

पलीकडे इतकं शांत झालं की फोन कटला असं मला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "मी उद्याच्या गाडीनं येतो," आणि खरंच कट केला.

शुक्रवारी नवरा त्यांना बडनेरा स्टेशनवरून घेऊन आला. हातात दोन पिशव्या. एकीत आंबे, दुसरीत घरी दळलेलं बेसन, मिरच्या आणि तळून खायच्या वाळवलेल्या सांड्या. माझी आई अचलपूरला वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनात गुंतली होती, त्यामुळे घरात हुकूम चालवायची जागा रिकामीच होती. सासूबाईंनी ती चप्पल काढता काढताच घेतली. मी न्हाणीघरात गेले की त्या बाहेर उभ्या राहून "कडी लावू नको" म्हणत. दर तासाला विचारत, "खांदा दुखते का?" माझा खांदा आयुष्यात इतका चर्चेत कधी आला नव्हता.

नवऱ्याने दोन दिवसांत या विषयावर जे मिळेल ते वाचून काढलं. जेवताना तो म्हणाला, "शंभरातल्या किती बाया..."

"शंभर बायायचं राहू दे," सासूबाई म्हणाल्या, "हे एक सांभाळ." त्याने वरण वाढून घेतलं.

शनिवारी दुपारी त्याच वेळेला दुसरं सॅम्पल दिलं. नऊशे ऐंशी. आकडा चढला म्हणून मी रस्त्यातूनच नवऱ्याला फोन केला, त्याने तिकडे कुणाला तरी सांगितलं, आणि मी दवाखान्यात पोचेपर्यंत आमच्या दोघांच्या मनात बारशाचे पेढे वाटून झाले होते. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले.

"वाढलाय," त्या म्हणाल्या. "पण हवा तितका नाही. आणि नक्की वाईट म्हणावं इतका कमीही नाही."

सासूबाई सोबत होत्या. त्यांनी विचारलं, "मंग पास का नापास?"

"काठावर आहे, आई."

"काठावरची पोरं मी लय पायली. पण मले सांगा, आता कराचं काय?"

"अजून दोन दिवस थांबायचं. आज मी नळीवर उपचार केला आणि गर्भ पिशवीत निघाला, तर चांगला गर्भ मीच घालवला असं होईल. सोमवारी परत रक्त. मंगळवारी परत सोनोग्राफी. मधल्या काळात काही झालं तर दिवस असो की रात्र, यायचं."

मला त्यांचा राग आला. इतकी शिकलेली बाई, भिंतीवर इतक्या पदव्या, आणि सरळ सांगत नाही. हा राग योग्य नव्हता हे तेव्हाही कळत होतं. पण वाट बघणाऱ्या माणसाला कुणाचा तरी राग यावा लागतो.

त्या दुपारी घरी कूलरसमोर चटई टाकून आम्ही दोघी पडलो होतो. नवरा बर्फ आणायला गेला होता. सासूबाई छताकडे बघत बोलायला लागल्या.

"खेड्यात व्हती मी तवा एक बाई व्हती. तुयापेक्षा लहान. मीच नाव लिवलं तिचं रजिस्टरात, दोन मयने झाले व्हते. कापूस वेचाले गेली आन पोटात कळ आली. घरच्यायनं म्हणलं, वायगोळा हाय. ओवा चावाले देल्ला, पोट शेकलं. मी गेली पायाले तं बाई पांढरीफटक. मले म्हणे, बाई, माहा खांदा काऊन दुखते? पोट दुखते ते समजते, पण खांदा काऊन दुखते?"

मी उठून बसले.

"गाडी कराले वेळ गेला. मूर्तिजापूरपासून अकोल्याले नेता नेता गेली. मी शेऱ्याच्या रकान्यात लिवलं, पोटदुखीनं. पुढं लय वर्सानं एका ट्रेनिंगमंदी डॉक्टरनं नळीतल्या गर्भाचं सांगतलं, खांद्याचं बी सांगतलं. तवा मले समजलं मी काय पायलं व्हतं ते."

"तुमी काय करणार होत्या, आई? तवा कोणालेच माईत नव्हतं."

"तेच तं म्हणतो. माईत नव्हतं." त्या माझ्याकडे वळल्या. "तुले मी तरास देऊन राहिली, मले समजते. पण विचारीन. खांदा दुखते का?"

"नाई दुखत," मी म्हटलं. त्यानंतर त्यांच्या प्रश्नाला मी कधी वैतागले नाही.

सोमवारचा आकडा बाराशे चाळीस. यावेळी भाऊंनी तो सांगितला नाही, कागदच हातात दिला आणि एका पेशंटचं रक्त घ्यायला निघून गेले. बेरीज-वजाबाकी मला करता येत होती. आकडा पाय ओढत चालला होता.

मंगळवारी सकाळी सोनोग्राफीत या वेळी फार शोधावं लागलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. पिशवी रिकामी होती. डाव्या बाजूला, नळीपाशी, एक छोटी गाठ दिसत होती, कडेने पांढरट, बोरापेक्षा जरा मोठी.

"हे," त्या म्हणाल्या.

इतके दिवस ज्याचा पत्ता लागत नव्हता, ते सापडलं होतं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. कुठे आहे ते कळलं, आता शोधायचं नाही. त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट लक्षात आली, की ते सापडलं म्हणजे ते आता राहणार नाही. मग मी रडले. डॉक्टरीणबाईंनी मशीन बंद केली, माझ्या पायांवर चादर ओढली आणि खुर्ची जवळ घेऊन बसल्या. घाई केली नाही.

"हे तिथून पिशवीत हलवता येत नाही का?" मी विचारलं. लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईने विचारावा असा हा प्रश्न नव्हता.

"नाही येत," त्या म्हणाल्या. "येत असतं तर मी आजच केलं असतं."

गाठ लहान होती, ठोके नव्हते, नळी फुटलेली नव्हती, आकडाही फार वर गेलेला नव्हता. म्हणून ऑपरेशन न करता इंजेक्शनवर भागण्यासारखं होतं. ते औषध वाढणाऱ्या पेशी थांबवतं, आणि गर्भ हळूहळू शरीरातच विरून जातो. त्यासाठी लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या आधी लागत होत्या, म्हणजे परत भाऊ आणि परत माझा दंड. दुपारी इंजेक्शन झालं, कमरेत, साधं. त्याआधी डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं की चौथ्या दिवशी आकडा वाढलेला दिसू शकतो, घाबरायचं नाही; सातव्या दिवशी तो चौथ्याच्या खाली यायला हवा.

मग पथ्य आलं. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद. दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. उन्हात जायचं नाही. तीन महिने तरी पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत. आणि पोटात वारा धरेल असं काही खायचं नाही, कारण गॅसचं दुखणं कोणतं आणि नळीचं कोणतं हे मग ओळखू येत नाही.

"वारा धरेल म्हंजे काय काय?" सासूबाईंनी विचारलं.

"हरभरा, बेसन, कोबी, वाटाणे..."

"बेसन?"

"बेसन तर नकोच."

सासूबाई सुन्न झाल्या. झुणका, पाटोडी, गोळाभात, वडाभात, सगळं एका शब्दात गेलं होतं. वऱ्हाडी स्वयंपाकघरातून बेसन काढलं तर उरतं काय, याचा विचार त्या ऑटोत बसेपर्यंत करत होत्या. घरी येऊन त्यांनी अकोल्याहून आणलेल्या बेसनाचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि आठ दिवस मला दुधी, दोडका आणि मऊ भात खाऊ घातला. स्वतःही तेच खाल्लं. नवरा मात्र कॉलेजच्या वाटेवर रोज गाडीवरचा गिला वडा खाऊन येत असे. शर्टाला वास यायचा.

इंजेक्शननंतरच्या गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, पोटात दुखायला लागलं. साधी चमक नव्हे. डाव्या बाजूने पिळल्यासारखं, मग सगळ्या ओटीपोटात. मी भिंतीला धरून बसले. सासूबाई आंब्याच्या फोडी करत होत्या. त्यांनी सुरी ठेवली, माझं मनगट धरलं, पापणी खाली ओढून पाहिली.

"चक्कर?"

"नाई."

"घाम?"

"उकाड्याचा हाय, का त्याचा, समजत नाई."

"खांदा?"

"नाई. खांदा नाई."

त्यांनी नवऱ्याला फोन केला नाही. त्याची वाट बघण्यात वेळ जाईल, असं त्या नंतर म्हणाल्या. ओला पंचा माझ्या डोक्यावर टाकला, वरून स्वतःचा पदर धरला, कारण उन्हात जायचं नाही हे त्यांना तेव्हाही आठवत होतं, आणि खाली जाऊन ऑटो थांबवला. ऑटोवाल्याला म्हणाल्या, "बाप्पा, गड्डे वाचवून चाल, पण लवकर चाल." तो म्हणाला, "दोनी कसं होईन, मावशी?" "कर," त्या म्हणाल्या. त्याने केलं.

सगळ्या रस्त्यात त्यांनी माझा हात सोडला नाही. त्यांचा हात गार पडला होता. त्या कुणाला आठवत होत्या ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मी मध्येच म्हटलं, "आंबे उघडेच राहिले, माश्या बसतीन." त्या म्हणाल्या, "बसू दे."

डॉक्टरीणबाईंनी तातडीने आत घेतलं. बीपी ठीक, नाडी जराशी जोरात. सोनोग्राफीत पोटात रक्त नव्हतं. औषध काम करायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं दुखू शकतं, त्या म्हणाल्या. पण घरी बसून हे ठरवायचं नसतं, बरं झालं आलात. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला खाटेवर ठेवलं, दोनदा बीपी पाहिलं. दवाखान्यातून फोन गेल्यावर नवरा धापा टाकत आला. त्याने या दुखण्याबद्दल वाचलेलं होतं. "मले माईत होतं असं होते म्हणून," तो म्हणाला. त्याच्या आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो पाण्याची बाटली भरायला गेला.

शुक्रवारी, चौथ्या दिवशी, आकडा चौदाशे वीस आला. सांगितलेलं असूनही तो कागद मी दोनदा वाचला. सोमवारी एक हजार नव्वद. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. त्यानंतर दर आठवड्याला दंड पुढे करत गेले. चारशे दहा, एकशे वीस, एकतीस. मे संपला, कूलर बंद झाला, पावसाळी चपला निघाल्या. शेवटचा रिपोर्ट भाऊंनी इतर पेशंटसारखा पाकिटात घालून, वर नाव लिहून, काउंटरवरून दिला. आत लिहिलं होतं, तीन. पाचच्या खाली म्हणजे काही नाही. मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि पुढच्या नंबरला हाक मारली. जेवणाच्या सुट्टीत मात्र मागच्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसले. तीन या आकड्याचा आनंद मानायचा की दुसरं काही, ते ठरत नव्हतं. भाऊंनी चहा आणून ठेवला आणि दार लोटून घेतलं.

पुढच्या वर्षी परत दिवस गेले. एकदा नळीत झालं असल्याने या वेळी लवकर बोलावलं होतं. गर्भ पिशवीत होता, अगदी मधोमध. मुलगी आता दीड वर्षाची आहे आणि कूलरच्या पाण्यात चमचे टाकते.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या हिवाळ्याचं. आम्ही अकोल्याला गेलो होतो. सासूबाई मला त्यांच्या जुन्या अंगणवाडीत घेऊन गेल्या. त्या दिवशी गरोदर बायकांची तपासणी होती, पंधरा-वीस जणी सतरंजीवर बसल्या होत्या. काही जणींसोबत सासवा. मला वाटलं, ओळख करून द्यायला आणलंय. सासूबाई म्हणाल्या, "हे माही सून. लॅबमंदी हाय. इच्या नळीत राहिलं व्हतं. आता हे सांगते तुमाले." आणि खाली बसल्या.

माझं दुखणं असं सतरंजीवर मांडायची मी तयारी केली नव्हती. तरी सुरुवात केली. पट्टीवर दोन रेघा येतात, मग डाग दिसतो, कुशीत दुखतं. सोनोग्राफीत काहीच दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, परवा परत या. अठ्ठेचाळीस तासांनी का बोलावतात ते सांगितलं, खांद्याचं सांगितलं. एका सासूने विचारलं, "पयल्याच दिसी समजत नाई का मोठ्या मशीनवर?" मी म्हटलं, "नाई समजत, मावशी. मोठ्या मशीनवर बी नाई. दोनदा-तीनदा पायल्याशिवाय डॉक्टरले बी सांगता येत नाई."

मागे एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती. वीस-एकवीसची असेल, तिवशाकडून इथे दिलेली. ती म्हणाली, "ताई, मले मंगळवारी परत बलावलं हाय रक्ताले. घरचे म्हणतात, एकदा झालं नं, पैसे उकळाले बलावतात. जाऊ का नको?"

"डाग जाते का?"

"थोडासा."

"दुखते?"

तिने उजव्या बाजूला हात ठेवला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या आधीच उठल्या होत्या आणि पायात चपला सरकवत होत्या. "मंगळवार कायले," त्या म्हणाल्या, "आज बी डॉक्टर हाय. चाल, मी येतो तुयासंगं."